अभिप्रायनोंद, सभासंमेलनांतील (खानदेश)

सभा, संमेलन, प्रदर्शन, शिबिर वा मेळावा ह्यांना उपस्थित राहिलेल्या लोकांना त्या कार्यक्रमाविषयी काय वाटले, हे ठरावीक पद्धतीने विचारणे, लिहून घेणे व ते लेखन पुढील उपयोगासाठी जतन करणे, ह्या क्रियेस अभिप्रायनोंद असे म्हणता येईल. सभेचे इतिवृत्त व अभिप्रायनोंद ह्या दोन भिन्न गोष्टी होत. इतिवृत्तात व्यासपीठावरून काय बोलले गेले व कोणते ठराव संमत झाले ते येते. व्यासपीठासमोर बसलेल्यांचे म्हणणे हा अभिप्रायनोंदीचा विषय आहे. भारतातील बहुतेक सार्वजनिक संस्थांच्या दप्तरांत पहिला प्रकार विपुल आढळतो, तर दुसरा जवळजवळ आढळतच नाही. ही उणीव कशी निर्माण झाली व ती कशी भरून काढता येईल, हे पाहण्यास खानदेश हा सोयीचा प्रदेश आहे. येथे मोठ्या सभासंमेलनांची परंपरा आहे, कागदपत्रे जपण्याची परंपरा आहे आणि बोलींची विविधताही आहे. १९०६ मध्ये ह्या प्रदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. १९६० पासून ते अनुक्रमे जळगाव व धुळे ह्या नावांनी ओळखले जातात. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार हा जिल्हा वेगळा झाला.

अभिप्राय लिहून घेण्याचा महाराष्ट्रातील सर्वपरिचित जुना प्रकार म्हणजे शाळेचे शेरेबुक. शाळा तपासण्यास आलेला अधिकारी (लोकभाषेत दिपोटी) व अधूनमधून येणारे प्रतिष्ठित पाहुणे त्यात आपला शेरा लिहीत. वाचनालये, वसतिगृहे व प्रदर्शने ह्यांतूनही अशा वह्या ठेवण्याचा प्रघात पडला. ह्या वहीत कोणी लिहावे हे मात्र यजमान ठरवीत असे. वही पुढे केली जाई ती पाहुण्यापुढे. वर्गात बसणाऱ्या मुलाच्या बापाच्या हाती ती कधी पडत नसे. शिवाय लिहिणाऱ्याच्या शेजारी मुख्याध्यापक किंवा चिटणीस उभा असल्याने मजकूर बहुधा स्तुतिपर होई. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवू नयेत, हा संस्कार अशा वह्यांच्या पानोपानी दिसतो. शेरेबुक हे संस्थेच्या प्रतिष्ठेचे साधन म्हणून मोलाचे असले, तरी अभिप्रायाचे साधन म्हणून ते दुबळे आहे. छापील अभिप्रायपत्रिकेनेही त्याचे बरेचसे दोष वारशाने घेतले आहेत.

धुळे कारागृह, १९३२ : वक्त्याचे शब्द किती काळजीने टिपले जात आणि श्रोत्यांचे कसे सुटून जात, ह्याचे ठळक उदाहरण धुळे येथेच घडले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेले विनोबा भावे ह्यांनी धुळे कारागृहात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या काळात दर रविवारी एक ह्याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. त्याच कारागृहात असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून काढली. पुढे विनोबांच्या नजरेखालून गेलेले हे लेखन गीता प्रवचने ह्या नावाने प्रसिद्ध झाले व अनेक भारतीय भाषांत गेले. लघुलिपीचे शिक्षण न घेतलेल्या एका कैद्याने केलेली ही नोंद मराठी गद्याचा ठेवा ठरली. नोंद उत्तम होण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या : हे काम एका विशिष्ट व्यक्तीने आपले मानले, ते प्रसंग घडत असतानाच झाले आणि लिहिलेले मूळ वक्त्याकडून तपासून घेतले गेले. समोर बसलेल्या राजबंद्यांत जमनालाल बजाजांसारखे पुढारी होते, तसेच सामान्य सत्याग्रहीही होते. त्यांनी काय शंका विचारल्या, त्यांना काय पटले व काय पटले नाही, ह्याची अशी सलग नोंद झाली नाही. ह्यात साने गुरुजींकडे बोट दाखवण्याचे काहीच कारण नाही. एका हाताने एकच काम होते. श्रोत्यांचे म्हणणे टिपण्यासाठी दुसरा लेखक लागतो, हा विचारच तेव्हाच्या सार्वजनिक जीवनात रुजलेला नव्हता.

योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत रेन्सिस लायकर्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पायऱ्यांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. पुढे जगभरच्या अभिप्रायपत्रिकांत पाच पायऱ्यांची जी चौकट रूढ झाली, तिचा उगम ह्या श्रेणीत आहे.

फैजपूर, १९३६ : भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर (ता. यावल) येथे जवाहरलाल नेहरू ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. अधिवेशन खेड्यात, खेड्यातील साहित्य वापरून व्हावे, हा महात्मा गांधींचा आग्रह होता. त्यानुसार शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनी बांबू व तत्सम स्थानिक वस्तूंतून टिळकनगरची सजावट सिद्ध केली. खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्‌घाटन २५ डिसेंबर रोजी गांधींच्या हस्ते झाले. स्वागतसमितीची धुरा शंकरराव देव ह्यांच्याकडे होती. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आदी खानदेशी कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून माणसे व साधने गोळा केली. उपस्थितीचा अंदाज लाखाच्या घरात दिला जातो.

ह्या अधिवेशनापुढे शेतकऱ्यांचा प्रश्न प्रामुख्याने होता. तो सोडविण्याचा मार्ग शेतकऱ्यांकडूनच समजून घ्यावा, असा प्रयत्न काँग्रेसने आधीच आरंभिला होता. एप्रिल १९३६ च्या लखनौ अधिवेशनाने प्रांतिक समित्यांना आपापल्या प्रांतातील परिस्थितीची चौकशी करून शेतीविषयक कार्यक्रम सुचविण्यास सांगितले होते. फैजपूरला ठराव मांडण्याची वेळ आली, तेव्हा अनेक प्रांतिक समित्यांनी हे काम पुरे केलेले नव्हते; खुद्द ठरावातच त्याबद्दल खेद नमूद करावा लागला. अखिल भारतीय कार्यक्रम निश्चित होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून तेरा कलमांचा कार्यक्रम संमत करण्यात आला. खंड व शेतसारा कमी करणे, न परवडणाऱ्या धारणांना त्यांतून सूट, वेठबिगारीचे उच्चाटन, कुळांना स्थैर्य, ग्रामीण कर्जाचा भार हलका करणे, शेतमजुरांना जगण्यापुरते वेतन आणि शेतकरी संघटनांना मान्यता ही त्यांतील प्रमुख कलमे होत. ह्या कलमांना आधार नव्हता असे नाही. अखिल भारतीय किसान सभेने ऑगस्ट १९३६ मध्ये मुंबईत आपला मागण्यांचा जाहीरनामा संमत केला होता आणि तिचे दुसरे अधिवेशन एन. जी. रंगा ह्यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूरलाच भरले. त्यासाठी वि. म. भुस्कुटे व जे. बुखारी ह्यांच्या नेतृत्वाखाली सु. ५०० शेतकऱ्यांचा जथा मनमाडहून फैजपूरपर्यंत पायी आला.

तरीही एक विसंगती उरतेच. प्रांतोप्रांतींचे अहवाल आले नाहीत म्हणून ज्या मंडपात खेद व्यक्त झाला, त्याच मंडपाभोवती हजारो शेतकरी दोनतीन दिवस मुक्कामाला होते. तापीखोऱ्यातील कापूस पिकविणारे, सातपुड्याच्या पायथ्याचे, बैलगाडीने व पायी आलेले हे लोक होते. त्यांच्या डोक्यावर कर्ज किती, सारा भरल्यावर हाती काय उरते, तेरा कलमांतील कोणते त्यांना आधी हवे, हे विचारून लिहून घेण्याची व्यवस्था अधिवेशनाच्या रचनेत नव्हती. स्वयंसेवकांची पथके पाणी, सफाई, भोजन व वाहतूक ह्यांसाठी होती. विचारपूस करून नोंद करणारे पथक नव्हते. १९३१ च्या जनगणनेनुसार भारतात साक्षरांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते, हे लक्षात घेता असे काम लेखी पत्रिकेने नव्हे, तर तोंडी मुलाखतीनेच होऊ शकले असते आणि तेवढे लिहिते-वाचते तरुण फैजपूरला खचित उपलब्ध होते. दोनच महिन्यांत प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुका पार पडल्या व त्यांत काँग्रेसला मोठे यश मिळाले. तो एक प्रकारे लोकांचा अभिप्रायच होता. तथापि मताधिकार मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींनी मर्यादित असल्याने फैजपूरच्या मैदानावर बसलेल्यांपैकी बहुसंख्यांना तोही देता आला नाही.

नुसती संख्या मोठी असल्याने अभिप्राय विश्वसनीय होत नाही, हेही १९३६ ह्याच वर्षाने दाखवून दिले. त्या वर्षीच्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट ह्या साप्ताहिकाने सु. एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या, त्यांपैकी सु. २४ लाख भरून परत आल्या व त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत करण्यात आले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. ज्यांना पत्रिका गेल्या ते मुख्यतः दूरध्वनी व मोटार बाळगणाऱ्या वर्गातील होते आणि ज्यांनी त्या परत पाठविल्या ते त्यांतीलही विशेष उत्साही लोक होते. जॉर्ज गॅलप ह्यांच्या संस्थेने कितीतरी लहान, परंतु विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून बरोबर अंदाज केला. भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने (१९३१) व १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने नमुनानिवडीचे शास्त्र रुजविले, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (१९३०) धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या मार्गदर्शनाखाली महाराष्ट्रात क्षेत्रीय पाहण्यांचा पाया घातला. ह्या शास्त्राचा संचार शेतात, कारखान्यात व कुटुंबात झाला; सभामंडपात मात्र ते फारसे शिरले नाही.

साहित्य संमेलने : फैजपूर अधिवेशनाच्याच वर्षी जळगावला माधव जूलियन ह्यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर धुळे (१९४४, अध्यक्ष मामा वरेरकर), अमळनेर (१९५२, कृ. पां. कुलकर्णी), पुन्हा जळगाव (१९८४, शंकरराव खरात) व पुन्हा अमळनेर (२०२४, रवींद्र शोभणे) अशी संमेलने खानदेशात झाली. अध्यक्षीय भाषणे छापली जातात व ठराव वृत्तपत्रांत येतात. मंडपातील वाचकाला काय वाटले ते मात्र वार्ताहराच्या दोन ओळींत किंवा वाचकांच्या पत्रव्यवहारात सापडले तर सापडते. ग्रंथविक्रीचा आकडा हाच त्यातल्या त्यात ठाम पुरावा. (सारंगखेडा येथील दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांच्या विक्रीची नोंद होते, कोणती जातवान घोडी लोकांना आवडली ह्याचा तेवढा प्रामाणिक अभिप्राय कोणत्याही प्रश्नावलीने मिळाला नसता.)

संमेलनाला जे आलेच नाहीत त्यांचे म्हणणे हा आणखी निराळा भाग आहे. १८८५ च्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना जोतीराव फुले ह्यांनी न्यायमूर्ती रानडे ह्यांना पाठविलेले पत्र हा मराठी संमेलनांच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय म्हणावा लागेल आणि तो उपस्थिताचा नव्हे, तर अनुपस्थिताचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला मुख्य संमेलनाबरोबरच विद्रोही साहित्य संमेलनही भरले. एका गावात एकाच आठवड्यात दोन मंडप उभे राहतात, तेव्हा दुसरा मंडप हा पहिल्याविषयीचा अभिप्रायच असतो; पहिल्या मंडपात वाटलेल्या पत्रिकांत तो उमटण्याची शक्यता नसते. म्हणून उपस्थितांच्या नोंदीशेजारी, कोणत्या तालुक्यांतून, कोणत्या समाजांतून व कोणत्या वयाचे लोक आले नाहीत, ह्याची नोंद असणे आवश्यक ठरते.

भाषेचा प्रश्न : खानदेशात अभिप्राय विचारणाऱ्याची व देणाऱ्याची भाषा पुष्कळदा एक नसते. धुळे, अमळनेर, पारोळा ह्या भागांत अहिराणी, फैजपूर-यावल-जळगाव पट्ट्यात तावडी व लेवा बोली, तर सातपुड्यात भिली व पावरी ह्या बोली प्रचलित आहेत. ग्रीअर्सनने आपल्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडात (भाग ३, १९०७) खानदेशीचा समावेश भिली भाषांबरोबर केला व तिचे नमुने लोकांच्या तोंडून येतील तसे छापले. अभिप्राय टिपताना मात्र ह्याच्या उलट घडते. अहिराणी भाषक ‘बरं व्हयनं’ म्हणतो, तेव्हा ती स्वरभेदानुसार मनापासून दिलेली पसंती असू शकते किंवा विषय संपविण्याची सभ्य रीतही असू शकते. लिहिणारा ते ‘कार्यक्रम उत्तम झाला’ असे प्रमाण मराठीत उतरवितो आणि तिसरा मनुष्य त्याचे ‘पाचपैकी पाच’ असे अंकात रूपांतर करतो. तीन हातांतून जाताना मूळ शब्द नाहीसा होतो. मूळ शब्द टिकल्याने काय हाती लागते, ह्याचे उदाहरण जळगावचेच आहे. निरक्षर असलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव व एक नातलग ह्यांनी त्यांच्या बोलीतच लिहून ठेवल्या, म्हणून १९५२ मध्ये बहिणाबाईंची गाणी प्रकाशित होऊ शकली. त्या ‘शुद्ध’ करून लिहिल्या असत्या, तर उरले असते ते फार थोडे.

कागद आहे तसा ठेवण्याची शिस्त धुळ्याला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांचे १९२६ अखेर धुळे येथे निधन झाले व त्यांचा संग्रह जपण्यासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने ह्या खंडांत राजवाड्यांनी मूळ पत्रे त्यांच्या लेखनपद्धतीसह छापली व आपले विवेचन प्रस्तावनेत वेगळे ठेवले. पुरावा आणि त्यावरील भाष्य एकमेकांत मिसळू नयेत, ही दृष्टी अठराव्या शतकातील पत्रांना जितकी लागू पडते तितकीच कालच्या शेतकरी मेळाव्यातील पत्रिकांनाही लागू पडते.

आधुनिक स्थिती व सुधारणा : १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले (२०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव). महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने (१९९४) विद्यार्थी व इतर संबंधितांचे अभिप्राय घेणे ही मूल्यांकनाची एक बाब ठरविल्यावर परिसंवाद व कार्यशाळांतून अभिप्रायपत्रिका वाटण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. २०२० च्या महासाथीत परिसंवाद दूरस्थ पद्धतीने होऊ लागले, तेव्हा अनेक ठिकाणी प्रमाणपत्र मिळण्यासाठी पत्रिका भरणे सक्तीचे करण्यात आले. प्रतिसादाचे प्रमाण त्यामुळे वाढले, पण प्रमाणपत्राच्या घाईत भरलेल्या पत्रिकेतून संयोजकाला काय कळणार? वाढलेल्या संख्येने गुणवत्तेची उणीव झाकली, एवढेच.

अनुभवाने सिद्ध झालेल्या सुधारणा साध्या आहेत. पहिली वेळेची. समारोपाच्या सत्रात पत्रिका वाटल्यास त्या शहरातील व मुक्कामी राहिलेल्या लोकांच्याच हाती पडतात. शिरपूर, साक्री वा चोपडा तालुक्यांतील खेड्यांहून आलेले लोक, विशेषतः स्त्रिया, शेवटची एस. टी. गाठण्यासाठी आधीच उठलेल्या असतात. म्हणून विचारपूस दुपारच्या भोजनानंतर व बाहेर पडण्याच्या वाटेवर, दोन्ही वेळा व्हावी. दुसरी निवडीची. समोर येईल त्याला न विचारता ठरावीक अंतराने, उदा., दारातून जाणाऱ्या प्रत्येक विसाव्या व्यक्तीला विचारल्यास चेहरा पाहून निवड करण्याचा मोह टळतो. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण जळगाव जिल्ह्यात सु. ७८, धुळ्यात सु. ७३ व नंदुरबारमध्ये सु. ६४ टक्के होते. तेव्हा केवळ कागदावर वा मोबाईलवर भरावयाची पत्रिका आजही मोठ्या गटाला वगळते. अशांसाठी त्यांची बोली जाणणारा मुलाखतकार हवा आणि तो संयोजकांच्या बिल्ल्याशिवाय असलेला बरा.

प्रश्न चारपाचांहून अधिक नसावेत. भोजनाविषयीचा प्रश्न आरंभी ठेवू नये. वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी उत्तम असल्यास त्याची चव पुढील सर्व उत्तरांना लागते. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ ह्यापेक्षा ‘येथे ऐकलेल्यांपैकी घरी जाऊन काय सांगाल?’ व ‘काय कळले नाही?’ हे प्रश्न अधिक माहिती देतात, कारण त्यांना नुसते ‘छान’ असे उत्तर देता येत नाही.

नोंदवहीत क्रमांक, गाव, वयोगट, बोली, विचारल्याची वेळ व विचारणाऱ्याचे नाव हे रकाने असावेत. उत्तर बोललेल्या शब्दांत लिहावे व त्याचे वर्गीकरण शेजारच्या स्वतंत्र रकान्यात, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने करावे. उत्तर दिले नाही, मत नाही व प्रश्न विचारलाच नाही, ह्या तीन गोष्टी तीन वेगळ्या खुणांनी दाखवाव्यात. त्या तिन्ही रिकाम्या चौकटीत लोटल्या की पुढे त्या निवडता येत नाहीत. किती जणांना विचारले व किती जणांनी नकार दिला, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर यावे. नाव व दूरध्वनी क्रमांक घेणे ऐच्छिक असावे व ते उत्तरांपासून अलग ठेवावेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयी २०२३ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने अंकीय स्वरूपातील अशा माहितीसाठी संमतीचे तत्त्व पुढे आणले आहे.

ग्रामपंचायत अधिनियमाखाली (१९५८) भरणाऱ्या ग्रामसभेत उपस्थितांच्या सह्या व अंगठे घेतले जातात आणि इतिवृत्त लिहिले जाते. पण कोण काय बोलले ह्यासाठी बहुधा ‘चर्चेअंती ठरले’ एवढेच शब्द वापरले जातात. ह्या दोन शब्दांच्या जागी बोलणाऱ्याच्या तोंडची दोन वाक्ये लिहिण्याची प्रथा पडली, तर कोणताही नवा तक्ता न छापता अभिप्रायनोंदीचा मोठा भाग साधेल. पत्रिका किती काळ ठेवाव्यात ह्याविषयी बहुतेक संस्थांचा नियम नाही. कार्यक्रमाचे हिशेब तपासून होताच त्या रद्दीत जातात. मूळ पत्रिका निदान पुढील तशाच कार्यक्रमापर्यंत ठेवणे व नंतर त्यांतील शब्दशः उत्तरांची एक प्रत, नावे वगळून, जिल्ह्याच्या वाचनालयात अथवा संशोधन मंडळात देणे, हे खानदेशातील संस्थांना सहज शक्य आहे.